चमत्काराची जबानी: फ्रान्सिस झेवियर यांचे संतपद आणि त्यामागची कागदपत्रे

गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचे वैद्य डॉ. कोस्मे साराइव्हा यांनी शपथेवर दिलेली एक जबानी आजही वाचायला मिळते. मार्च १५५४ मध्ये मलाक्काहून गोव्यात आणलेला, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांचा मृतदेह त्यांनी तपासला होता आणि त्या वेळी आपण नेमके काय केले, हे त्यांनी क्रमाने सांगितले आहे. हातापायांवर त्यांनी बोटे दाबून पाहिली. पोट विशेष काळजीने चाचपले, आतडी जागच्या जागी असल्याची खात्री करून घेतली आणि प्रेत टिकवण्यासाठी आत कसलाही मसाला भरलेला नाही, असे नमूद केले. डाव्या कुशीवर, हृदयाजवळ, एक जखम होती. सोबतच्या दोन जेझुइटांना त्यांनी त्या जखमेत बोटे घालायला सांगितले; बोटे बाहेर आली ती रक्ताने माखलेली होती आणि ते रक्त वैद्यांनी स्वतः हुंगून पाहिले, तर त्याला दुर्गंधी नव्हती. मृत्यूला वर्ष उलटून गेल्यावर देह असा राहणे वैद्यकाच्या कोणत्याही उपायाने शक्य नाही, असे त्यांचे मत पडले.

या जबानीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. चमत्कार झाला किंवा झाला नाही, हे साडेचारशेहून अधिक वर्षांनी ठरवणे शक्य नसले, तरी चमत्काराची साक्ष कोणी मागितली, कोणी दिली, कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून दिली आणि कोणाला विचारलेच गेले नाही, हे मात्र पुष्कळ अंशी तपासता येते. झेवियर यांच्या मृत्यूपासून संतपदापर्यंत सत्तर वर्षे गेली. एवढ्या काळात साक्षींचा पोत पार बदलला आणि माझ्या मते त्या बदलाचे कारण साक्षीदारांच्या भोळेपणात जितके सापडते, त्याहून अधिक प्रश्न विचारणाऱ्या यंत्रणेत सापडते.

आधी घटनाक्रम पाहू. नव्हारातील (आजच्या उत्तर स्पेनमधील) कुलीन घराण्यात १५०६ मध्ये जन्मलेले झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. त्याच वर्षी ते तमिळ मुलखातील मोती वेचणाऱ्या परवर कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. पुढे मलाक्का (आजच्या मलेशियात), मोलुकू बेटे (आजच्या इंडोनेशियात) आणि १५४९ मध्ये जपान असा त्यांचा प्रवास झाला. चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी कँटनजवळच्या सांचुआन बेटावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याजवळ अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता. मांस लवकर झडावे आणि हाडे जहाजावरून नेता यावीत, म्हणून प्रेत चुन्यात पुरले गेले. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तेव्हा देह शाबूत आढळला. मार्चमध्ये तो मलाक्काला पोचला. तेथील टेकडीवरच्या चर्चमध्ये तो पेटीशिवाय पुरला गेला, आणि तोही इतक्या आखूड खड्ड्यात की मान वाकवावी लागली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा उकरला गेला आणि १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात आला. सेंट पॉल महाविद्यालयाच्या चर्चमध्ये तो दर्शनाला ठेवला, तेव्हा गर्दी आवरेना. दोना इझाबेल द कारों नावाच्या एका बाईने पायाचे चुंबन घेण्याच्या मिषाने बोटच चावून नेले, ही कथा गोव्यात अजून सांगितली जाते.

एवढ्यावर हे प्रकरण स्थानिक भक्तीपुरते राहिले असते. त्याला कागदाचे रूप आले ते राजामुळे.

मार्च १५५६ मध्ये पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा याने आपल्या भारतातील प्रतिनिधीला पत्र लिहून हुकूम दिला, की फादर फ्रान्सिस यांच्या जीवनाविषयी आणि त्यांच्या हयातीत वा मृत्यूनंतर देवाने त्यांच्याद्वारे केलेल्या अलौकिक गोष्टींविषयी ज्यांना माहिती असेल, त्यांच्या जबान्या शपथेवर घ्याव्यात आणि रीतसर नोंदवून पोर्तुगालला पाठवाव्यात. हा हुकूम पोपने दिलेला नव्हता, ही बाब महत्त्वाची आहे. त्या काळी रोममध्ये संतपदाचा कारभारच जवळजवळ थांबला होता: १५२३ पासून १५८८ पर्यंत एकालाही संत घोषित केले गेले नाही, आणि या कामासाठी स्वतंत्र कार्यालय नेमले गेले तेही १५८८ मध्येच. लिस्बनच्या राजाला मात्र घाई होती. पोपने दिलेल्या धर्माश्रयाच्या अधिकारामुळे पूर्वेकडील बिशपांची नेमणूक, चर्चची बांधकामे आणि मिशनऱ्यांची जहाजे हे सारे त्याच्या हाती होते. त्याने पाठवलेला, त्याच्या जहाजातून आलेला, त्याच्या खर्चाने पोसलेला धर्मगुरू संत ठरला, तर पूर्वेकडील साऱ्या उद्योगावर देवाची मोहोर उमटणार होती. हे मी राजाच्या मनात शिरून सांगत नाही. धर्माश्रयाची व्यवस्था ज्या रीतीने चालत होती, तिच्यातून हा हितसंबंध आपोआप निघतो.

१५५६ आणि १५५७ या दोन वर्षांत गोवा, कोची, वसई आणि मलाक्का अशा चार ठिकाणी जबान्या घेतल्या गेल्या. वसईचे नाव येथे पाहून मराठी वाचकाला थोडे थबकल्यासारखे होईल. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती, झेवियर तिथे अनेकदा येऊन गेले होते आणि गव्हर्नरचा मुक्कामही अधूनमधून तिथे पडत असे. त्यांना जवळून पाहिलेली माणसे किल्ल्यात होती.

या चारही गावांत एक गोष्ट समान आहे: ती पोर्तुगीज ठाणी आहेत. तिथे न्यायाधिकारी होता, नोटरी होता, शपथेला लागणारे शुभवर्तमानाचे पुस्तक होते आणि पोर्तुगीज भाषेत बोलू शकणारे साक्षीदार होते. साक्षीदार बहुतेक पोर्तुगीज पुरुष आहेत: सैनिक, व्यापारी, जहाजावरचे अधिकारी, धर्मगुरू, लग्न करून इथेच राहिलेले नागरिक. ज्या परवर किनाऱ्यावर झेवियर यांनी भारतातले आपले सर्वांत मोठे काम केले, जिथे दिवसभर बाप्तिस्मे देऊन हात दुखून येतात असे त्यांनी स्वतःच लिहिले, तो किनारा या यादीत नाही. कोळी आणि त्यांच्या बायका यांनी काय पाहिले, ते पोर्तुगिजांनी ऐकले आणि पोर्तुगिजांनी सांगितले. त्यामुळे अनेक जबान्यांत साक्षीदाराने स्वतः पाहिलेला भाग थोडका आणि लोकांत बोलले जाते तो भाग मोठा, असे चित्र दिसते. पोर्तुगीज कागदांत यासाठी ठरलेला शब्दप्रयोग होता, ‘पुब्लिका व्होज इ फामा’, म्हणजे उघड बोलवा आणि ख्याती. चर्चच्या कायद्यात अशा सार्वत्रिक ख्यातीला पुरावा म्हणून काही एक वजन होते. आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांतील महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही. तिथेही गोत जमून वडीलधाऱ्यांकडून ऐकत आल्याचे सांगते, आणि ते ऐकणेच निवाड्याचा आधार होते.

तरीही हा पहिला संच बराच संयमी आहे. लोक झेवियर यांच्या राहणीबद्दल बोलतात, ते आजाऱ्यांजवळ बसत, अनवाणी हिंडत, जुगाऱ्यांशीही हसूनखेळून वागत असे सांगतात. काही भाकिते सांगतात. मलाक्कात देह उतरताच साथ ओसरली, असे सांगतात. मेलेल्याला उठवल्याची गोष्टही कानावर येते. त्याच परंपरेत असाही एक प्रसंग जपला गेला आहे, की गोव्यातील परिचितांनी झेवियर यांनाच कन्याकुमारीकडील एका मुलाविषयी विचारले, तेव्हा ते ओशाळले आणि लोकांनी मेला म्हणून आणलेला मुलगा जिवंतच होता, आपण देवाच्या नावाने ऊठ म्हटले आणि तो उठला, एवढेच म्हणाले. भक्त याला विनय म्हणतो आणि संशयी माणूस कबुली म्हणतो. दोघांनाही हा प्रसंग सोयीचा आहे, म्हणूनच कदाचित तो टिकला.

भाषेचे वरदान

साक्षी कशा वाढत गेल्या, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भाषेचे आहे. झेवियर यांना न शिकता परकीय भाषा बोलता येत, असे पुढे अधिकृतपणे मांडले गेले. आता त्यांचे स्वतःचे शब्द पाहा. १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीहून रोमच्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की या लोकांना माझी भाषा कळत नाही आणि मला त्यांची, कारण त्यांची मातृभाषा मलबारी आणि माझी बास्क. (मलबारी म्हणजे इथे तमिळ.) म्हणून दोन्ही बाजूंची थोडीफार भाषा जाणणारी माणसे शोधली, त्यांच्यासोबत बसून बऱ्याच दिवसांच्या खटपटीने प्रार्थनांचे भाषांतर केले, ते तोंडपाठ केले आणि हातात घंटा घेऊन गावभर फिरून पोरे आणि मोठी माणसे जमवली. परकी अक्षरे घोकत, घंटा वाजवत, उन्हात फिरणारा हा छत्तीस-सदतीस वर्षांचा पॅरिस विद्यापीठाचा पदवीधर मला तरी चमत्कारकथेतल्या झेवियरपेक्षा फार जवळचा वाटतो. जपानहून १५४९ मध्ये लिहिलेल्या पत्रात तर ते म्हणतात, की आम्ही या लोकांत पुतळ्यांसारखे आहोत. ते आमच्याविषयी पुष्कळ बोलतात आणि आम्ही न कळल्यामुळे गप्प राहतो.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. तोंडपाठ प्रार्थना अस्खलित म्हणणारा माणूस ऐकणाऱ्याला ती भाषा येणारा वाटतो. वीस वर्षांनी आठवताना ‘त्यांना आमची भाषा छान येई’ असे होते. आणखी वीस वर्षांनी त्याचा मुलगा सांगतो तेव्हा ‘कोणी न शिकवता येई’ असे होते. इथे कोणी जाणूनबुजून खोटे बोलले, असे मानण्याची गरज पडत नाही.

खेकड्याची कथा याहून वेगळी आहे. ती एकाच माणसाच्या साक्षीवर उभी आहे. फाउस्तो रॉड्रिगेझ नावाच्या पोर्तुगिजाने सांगितले, की १५४६ मध्ये मोलुकू बेटांकडे होडीतून जाताना वादळ उठले, झेवियर यांनी गळ्यातला क्रूस पाण्यात बुडवला आणि तो हातातून निसटला. दुसऱ्या दिवशी बेटावर उतरून किनाऱ्याने चालत असता समुद्रातून एक खेकडा आला, त्याने दोन्ही नांग्यांत तो क्रूस उभा धरला होता, झेवियर गुडघ्यांवर बसले, क्रूस घेतला आणि खेकडा परत पाण्यात गेला. ही जबानी घटनेनंतर साठेक वर्षांनी, फिलिपिन्समधील सेबू बेटावर नोंदवली गेली. त्या प्रवासाविषयी झेवियर यांची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत ज्वालामुखी आहे, भूकंप आहेत, वादळे आहेत, पण खेकडा नाही. तरीही साक्षीतील तपशील पाहण्यासारखा आहे: साक्षीदार स्वतः तिथे हजर असल्याचे सांगतो, दुसऱ्या सोबत्याचे नाव देतो, क्रूस कसा धरला होता तेही सांगतो. ऐकीव ख्यातीच्या ढिगाऱ्यात असा प्रत्यक्षदर्शी माणूस मिळाल्यावर संतपदाचा खटला चालवणाऱ्यांना किती हायसे वाटले असेल, याची कल्पना करता येते. आज गोव्यातल्या मूर्तींपासून युरोपातल्या चित्रांपर्यंत झेवियर यांच्या पायाशी खेकडा दिसतो, तो या एका वृद्धाच्या आठवणीतून आलेला आहे.

छापील पुस्तक आणि कलमांची यादी

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रोमच्या आदेशाने जबान्यांची नवी फेरी सुरू झाली, तेव्हा परिस्थिती पूर्ण बदललेली होती. झेवियर यांना प्रत्यक्ष पाहिलेले फारच थोडे लोक हयात होते. दरम्यान होराशिओ तोर्सेलिनो यांचे लॅटिन चरित्र १५९४ मध्ये रोममध्ये आणि जुआंव द लुसेना यांचे पोर्तुगीज चरित्र १६०० मध्ये लिस्बनमध्ये छापून आले होते आणि ही पुस्तके जहाजांतून पूर्वेकडेही पोचत होती. पहिल्या फेरीतल्या जबान्यांचा उपयोग करून चरित्रे लिहिली गेली, चरित्रे वाचून किंवा प्रवचनांतून ऐकून लोकांच्या आठवणी आकारल्या आणि त्या आठवणी दुसऱ्या फेरीत जबानी म्हणून नोंदल्या गेल्या. वर्तुळ पूर्ण झाले.

दुसरा बदल कार्यपद्धतीचा होता. आता साक्षीदाराला मोकळेपणाने ‘तुला काय माहीत आहे’ असे विचारले जात नसे. संतपदाचा पुरस्कार करणारी बाजू आधीच कलमे तयार करून देई: अमुक ठिकाणी अमुक चमत्कार घडला, हे खरे असून लोकांत प्रसिद्ध आहे. एकेक कलम वाचून दाखवायचे आणि साक्षीदाराने त्यावर हो, नाही, किंवा ऐकले आहे, असे म्हणायचे. कुठल्याही कोर्टातला वकील याला उत्तर सुचवणारा प्रश्न म्हणेल. चर्चची बाजूही मांडली पाहिजे. जगभर विखुरलेल्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात, म्हणून ठरावीक कलमे लागतात, आणि हे सारे कागद रोममध्ये रोटा या चर्चच्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी तपासले. पण तपासणी होते ती कागदाची, आणि कागद तयार झाला होता कलमांच्या साच्यात.

तिसरी गोष्ट क्वचितच कोणी बोलतो. १५५६ मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, नव्हते. ते १५६० मध्ये आले (झेवियर यांनी १५४६ मध्ये राजाला पत्र लिहून त्याची मागणी केली होती). नवख्रिस्ती माणसाला चर्चच्या नोटरीसमोर शपथ घेऊन बोलायची वेळ येणे, याचा अर्थ १६१५ च्या गोव्यात पूर्वीसारखा उरला नव्हता. भीतीने कोणी खोटी साक्ष दिली, असे मी म्हणत नाही. मात्र एखाद्या कलमाला ‘हे मी कधी ऐकलेले नाही’ असे स्वच्छ सांगणे किती जणांना सोपे वाटले असेल, हा प्रश्न विचारला पाहिजे. १६१६ मध्येच गोव्याच्या साष्टीतील राचोल येथे मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण छापले गेले. म्हणजे त्याच दशकात येथील ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताची कथा आपल्या बोलण्याजवळच्या भाषेत ऐकत होता. झेवियर यांच्याविषयीची त्याची जबानी मात्र पोर्तुगिजांच्या कलमातून उतरत होती.

३ नोव्हेंबर १६१४ रोजी जेझुइटांच्या प्रमुखांच्या आज्ञेवरून झेवियर यांच्या देहाचा उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला गेला. तो आजही तेथील जेझू चर्चमध्ये आहे. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो रोमला मिळाला. खटल्याच्या दृष्टीने पाहिले, तर ही सर्वांत मोठी वस्तुरूप साक्ष होती.

पुढचे टप्पे झपाट्याने पार पडले. २५ ऑक्टोबर १६१९ रोजी पाचव्या पॉल पोपने त्यांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केले आणि १२ मार्च १६२२ रोजी पंधराव्या ग्रेगरीने इग्नेशियस लोयोला, अविलाची तेरेसा, शेतकरी इसिद्रो आणि फिलिप नेरी यांच्यासोबत संत. रोममधल्या टवाळांनी ‘चार स्पॅनिश आणि एक संत’ अशी त्या सोहळ्याची थट्टा केली; पाचांत एकटे नेरी इटालियन होते. त्याच वर्षी रोमने जगभरच्या मिशनकार्यासाठी स्वतःचे मध्यवर्ती मंडळ काढले, आणि पोर्तुगालच्या धर्माश्रयाशी त्याचा पुढे दीर्घ झगडा झाला. म्हणजे राजाने मागवलेल्या जबान्यांतून घडलेला संत अखेर दोन्ही पक्षांनी आपापल्या झेंड्यावर काढला. आठव्या अर्बनने ऑगस्ट १६२३ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात भाषेचे वरदान आहे, खेकडाही आहे. आणि याच अर्बनने १६२५ आणि १६३४ मध्ये नियम इतके कडक केले, की चर्चच्या मान्यतेआधी कोणाचीही उघड भक्ती करणे हाच खटल्यातला दोष ठरू लागला. झेवियर यांचे प्रकरण या दारातून दार बंद होण्याच्या जरा आधी आत आले.

दार बंद झाल्यावर काय होई, हे पाहायला गोव्याबाहेर जावे लागत नाही. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ हे गोमंतकीय धर्मगुरू श्रीलंकेत गेले आणि १७११ मध्ये कँडीत वारले. कॅथलिकांना बंदी घालणाऱ्या डचांच्या मुलखात ते वेष बदलून हिंडले. त्यांच्या संतपदाची चौकशी १७१३ मध्ये सुरूही झाली, पण नियमाला पुरेल अशी चमत्काराची सिद्धता मिळेना आणि प्रकरण पडून राहिले. त्यांना धन्यवादित घोषित केले गेले १९९५ मध्ये आणि संत २०१५ मध्ये, तेही पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट माफ केल्यावर. झेवियर यांना सत्तर वर्षे लागली, वाझ यांना तीनशे चार. याचे कारण केवळ वर्ण होता, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरे आहे. वाझ यांच्यामागे ना राजा होता, ना रोमपर्यंत पोचलेला बलाढ्य संघ. त्यांचे साक्षीदार डचांच्या आणि कँडीच्या राजाच्या मुलखात होते, जिथे पोर्तुगीज नोटरी जाऊ शकत नव्हता. वसईचे गोन्सालो गार्सिया यांचा मार्ग आणखी निराळा: १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर मारले गेल्यामुळे ते हुतात्मा ठरले, आणि तीसच वर्षांत, १६२७ मध्ये, धन्यवादित झाले. हुतात्म्याच्या बाबतीत मरणच साक्ष देते.

झेवियर यांच्या कागदांत मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र कोणत्याही खटल्यासाठी न लिहिलेली एक नोंद. २८ ऑक्टोबर १५४२ च्या पत्रात त्यांनी तुतिकोरिनच्या वाटेवरील एका हिंदू गावाची हकीकत कळवली आहे. तिथे एक बाई तीन दिवस प्रसूतीच्या वेणा देत होती आणि घरच्यांनी आशा सोडली होती. झेवियर तिच्या घरात गेले. त्यांनी श्रद्धेची प्रार्थना म्हटली, सोबतच्या दुभाष्याने ती तिच्या भाषेत सांगितली, तिने होकार दिला, त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला आणि ती लगेच बाळंत झाली. मग नवऱ्याला, मुलामुलींना आणि त्या दिवशी जन्मलेल्या बाळालाही बाप्तिस्मा दिला गेला. उरलेल्या गावाने मात्र आपल्या राजाची परवानगी हवी असे सांगितले, तेव्हा तिथे वसुलीला आलेल्या राजाच्या कारभाऱ्याची संमती मिळवावी लागली. पत्रात कारभारी आहे, दुभाष्या आहे, वेणांचे दिवस मोजलेले आहेत. त्या बाईचे नाव नाही, आणि चौदा वर्षांनी राजाचे नोटरी शपथेचे पुस्तक घेऊन निघाले, तेव्हा ज्या चार गावांत त्यांनी जबान्या घेतल्या त्यांत तिचे गाव नव्हते.